ऐकणाऱ्याचे कष्ट

मुलांनो, पुढे वाचण्याआधी एक गंमत करून बघा. दोन्ही कानांवर तळहात घट्ट दाबा, तोंड खिडकीकडे करा आणि घरातल्या कुणालाही काहीतरी बोलायला सांगा. शब्द पुरते पोचणार नाहीत. ‘...टीत ...ठ ...मी’ एवढंच काहीसं येईल. तरी क्षणभराने तुम्हाला कळेल, की आमटीत मीठ कमी पडलंय. गाळलेले तुकडे कुणी भरले? तुम्हीच. जेवणाची वेळ आहे, स्वयंपाकघरातून आवाज येतोय, आणि अशा वेळी घरात कोणती वाक्यं बोलली जातात हे तुम्हाला ठाऊक आहे. एका वाक्यापुरती ही मजा आहे. पण कल्पना करा, की उठल्यापासून झोपेपर्यंत प्रत्येक वाक्य असंच भोकं पडून येतंय आणि तुम्ही ती भोकं बुजवत बसलाय. आलं डोळ्यांपुढे? मग आता नानांची ओळख करून द्यायला हरकत नाही.

नाना म्हणजे पुण्याच्या तांबट आळीतले भार्गव वडके. ही गोष्ट घडते तेव्हा तुम्ही चांगले मोठे झालेले असाल, तुमची मुलं शाळेत जात असतील. रस्त्यावर गाड्या आपल्या आपण धावत असतील. पण तांब्याचं भांडं हातोडीने मठारायचं काम तेव्हाही माणसाच्याच हातात होतं. मठारणं म्हणजे भांड्याच्या अंगावर गोल तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक असे ठोके मारत जायचं. प्रत्येक ठोक्याचा एक छोटा चकचकीत खळगा उमटतो आणि भांडं उन्हातल्या पाण्यासारखं चमकायला लागतं. यंत्रालाही ते जमत होतं, पण यंत्राचे खळगे सगळे सारखे येत, आणि गिऱ्हाइकाला नेमके ते नको असत.

हे काम कान खातं. तांबटाच्या घरात म्हातारपणी ऐकू न येणं ही केस पांढरे होण्यासारखीच गोष्ट मानतात. नानांनाही ऐकू येईनासं झालं, आणि त्यांनी त्यावर एक युक्ती काढली. समोरच्याचे ओठ बघायचे, जेवढे शब्द कळतील तेवढे जोडायचे आणि मान हलवायची. ‘काय म्हणालास?’ असं ते कुणाला विचारत नसत. बहिणीच्या नातवाच्या लग्नाचं आमंत्रण त्यांनी असंच मान हलवून घेतलं आणि लग्नाच्या दिवशी दुकानात घंगाळ ठोकत बसले. बहिणीने रागाने बोलणं सोडलं. ती बोलत नाही हे नानांना कितीतरी दिवस कळलंच नाही.

दुपारी मात्र ते गळून जात. जेवण झालं की भिंतीशी आडवे होत. मुलगा हेमंत म्हणे, “वय झालं.” नानाही मान हलवत.

मग कर्णिका आली.

कर्णिका म्हणजे हरभऱ्याएवढं एक यंत्र. कानात आत बसायचं आणि बिनतारी आलेला आवाज थेट कानाच्या शिरेपर्यंत पोचवायचं. तिच्याबरोबर एक डबी मिळाली, लिंबाएवढी. ती दुकानात ठेवली की दुकानातला आवाज टिपून कर्णिकेकडे धाडायची. घरातल्या माणसांसाठी सदऱ्याला लावायच्या टिकल्या होत्या. टिकली लावून माणूस वरच्या मजल्यावरून बोलला तरी नानांना ते शेजारी बसून बोलल्यासारखं ऐकू येई. पहिल्या दिवशी नानांनी काय केलं असेल? दिवसभर काहीच ठोकलं नाही. नुसते बसून इतरांचं बोलणं ऐकत राहिले. नात शलाका बडबडी आहे हे त्यांना त्या दिवशी समजलं, आणि त्यांना ते फार आवडलं.

शलाका दहा वर्षांची. सकाळची शाळा आटोपून दुपारी ती दुकानात यायची. तिला मठारकाम शिकायचं होतं. हेमंतला त्यात रस नव्हता. तो वरच्या खोलीत बसून जगभरच्या ऑर्डरी सांभाळायचा. कर्णिका आल्यापासून त्याचं खाली येणंही थांबलं होतं. वरूनच म्हणायचा, “नाना, त्या सहा परातींचं कुठवर आलं?” आणि नाना खालून ओरडून उत्तर द्यायचे. शिकायला तयार असणारं घरात एकच माणूस होतं. त्यामुळे नाना शलाकाला जिवापाड शिकवत.

आणि मठारकाम डोळ्यांनी जेवढं शिकतात तेवढंच कानांनी शिकतात. भांडं ऐरणीवर नीट टेकलं असेल तर ठोका ‘टण’ वाजतो. मध्ये केसाएवढी जरी पोकळी राहिली तरी तो ‘थड’ वाजतो. थड वाजलं की थांबायचं, भांडं थोडं फिरवायचं, पुन्हा टेकवायचं. तसं न करता ठोकत राहिलं तर ठोकून कडक झालेलं तांबं तडकतं. नव्या हाताला सुरुवातीला टण आणि थड यांतला फरक ऐकू येत नाही. तो गुरूने ऐकायचा आणि तिथल्या तिथे सांगायचा.

इथेच सगळं अडलं. कर्णिका सकाळी ताजी असे, पण दुपारी शलाका यायच्या सुमारास तिची बॅटरी संपे. ती भरायला अख्खी रात्र लागे. म्हणजे नानांचे कान दिवसभर होते, पण नेमके शलाकाच्या वेळेला नव्हते.

नानांनी हे तिला सांगितलं नाही. जुनी सवय कामाला आली.

शलाका तेव्हा तिचा पहिला तांब्या करत होती. तिची ऐरण दाराजवळ, उजेडात होती. नाना आत, भट्टीजवळ. ती दारातून विचारायची, “नाना, बरोबर वाजतंय ना?” आणि नाना तिच्या हसऱ्या तोंडाकडे बघून मान हलवायचे. एका दुपारी तिने विचारलं, नानांनी मान हलवली, तिने आणखी जोरात ठोके घातले, आणि तांब्याच्या पोटावर वरपासून खालपर्यंत चीर गेली.

शलाका रडली नाही. चिरेवरून बोट फिरवत म्हणाली, “तुम्ही हो म्हणालात.”

हे वाक्य नानांना ऐकू आलं नाही. पण ते कळायला कानांची गरज नव्हती.

रात्री कर्णिका चार्जिंगला लावायच्या आधी ते हेमंतला एवढंच म्हणाले, “पोरीला दुसऱ्या कुणाकडे तरी लाव. ज्याला ठोका ऐकू येत नाही त्याने शिकवू नये.”

आता तुम्ही म्हणाल, शलाका गप्प बसली असेल. मुळीच नाही. दुपारी कर्णिका बंद असते हे कळल्यावर तिने दोन आठवडे तिच्यावर नजर ठेवली आणि हेमंतच्या मागे लागून कर्णिका बनवणाऱ्या कंपनीला निरोप धाडायला लावला. हेमंतचं म्हणणं होतं, की हातोड्यांच्या गोंगाटाने यंत्र दमत असणार, त्याला कोण काय करणार. शलाकाला ते पटलं नव्हतं. “रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा ती रात्रीपर्यंत चालते,” ती म्हणाली.

“तेच तर. रविवारी ठोके नसतात.”

“पण मागच्या आठवड्यात आपण दिवसभर चिंचेने भांडी घासली. एकही ठोका नव्हता. तरी दुपारी गेलीच.”

हेमंतने तिच्याकडे बघितलं आणि निरोपात हेही लिहिलं.

कंपनीकडून अस्मा मुजावर नावाची तरुण इंजिनिअर आली. ती मूळची साताऱ्याकडची, बोलण्यात तिकडचा मोकळेपणा. कर्णिकेचं पोट तपासायचं यंत्र तिने पाटावर ठेवलं, आकडे बघितले आणि म्हणाली, “नाना, ही बिचारी काम करून करून मरतेय.”

“काम काय करते? ऐकवते,” नाना म्हणाले. शलाकाच्या शाळेला सुट्टी होती. सकाळची वेळ, नानांना स्वच्छ ऐकू येत होतं.

“ऐकवण्यात काही जात नाही. हिची शक्ती जाते ओळखण्यात. थांबा, दाखवते. तुमच्याकडे लहान वाट्या असतील?”

तांबटाच्या दुकानात वाट्यांना काय तोटा. शलाकाने टोपलीभर आणून ओतल्या. अस्माने चार ओळींत चार चार अशा सोळा वाट्या मांडल्या, काही उताण्या, काही पालथ्या.

“समजा, डबीला कर्णिकेकडे निरोप धाडायचाय. बिनतारी निरोप म्हणजे दुसरं काय? अशा उताण्या-पालथ्या वाट्यांची रांग. आता वाटेत काहीतरी धक्का लागतो आणि एखादी वाटी उलटते. कर्णिकेला कसं कळणार कुठली उलटली?”

“नाहीच कळणार,” शलाका म्हणाली.

“म्हणून डबी लबाडी करते. खरा निरोप फक्त या नऊ वाट्यांत आहे, तीन ओळी तीन तीनच्या. प्रत्येक आडव्या ओळीच्या शेवटी, प्रत्येक उभ्या रांगेच्या खाली आणि कोपऱ्यात ती एकेक जास्तीची वाटी ठेवते. साक्षीदार म्हणा. नियम असा, की आडवं मोजा नाहीतर उभं मोजा, पालथ्या वाट्या सम आल्या पाहिजेत. दोन नाहीतर चार, किंवा एकही नाही. नाना, तुम्ही पाठ करा.”

नानांनी पाठ केली. अस्माने एक वाटी हळूच उलटी केली. नाना वळले, ओठ हलवत आडवं मोजलं, उभं मोजलं. एका ओळीत पालथ्या तीन निघाल्या, एका रांगेत एक. जिथे ती ओळ आणि ती रांग एकमेकींना छेदत होत्या तिथली वाटी त्यांनी बोटाने सरळ केली.

“चोर सापडला,” ते म्हणाले. त्यांना खेळ आवडला होता.

“आता मी,” शलाका म्हणाली, आणि तिने एकाच ओळीतल्या दोन वाट्या उलट्या केल्या.

नाना बराच वेळ मोजत बसले. आडवं सगळं ठीक होतं. उभ्या दोन रांगा चुकत होत्या. म्हणजे गडबड आहे हे नक्की, पण कुठल्या ओळीत ते कळेना. त्यांनी एक जोडी उलटून बघितली, पुन्हा जागेवर ठेवली, दुसरी उलटली. कपाळावर आठी आली.

“दमलात?” अस्माने विचारलं.

“डोकं तापलं थोडं.”

“कर्णिकेचंही हेच होतं. तिच्याकडे सोळा नाही, हजारो वाट्या येतात आणि साक्षीदारही पुष्कळ असतात. ती प्रत्येक ओळीला विचारते, तुझं काय म्हणणं? मग प्रत्येक वाटीला विचारते, या ओळी असं म्हणतायत, तुला काय वाटतं? मग वाट्यांचं ऐकून पुन्हा ओळींना. अशा फेऱ्यांवर फेऱ्या. सगळ्यांचं एकमत झालं की थांबते. निरोप स्वच्छ आला असेल तर पहिल्या-दुसऱ्या फेरीत काम होतं. फाटका आला असेल तर शेवटच्या फेरीपर्यंत विचारत राहते. आणि प्रत्येक फेरीला वीज लागते.”

“मग साक्षीदार कमी ठेवा की,” नाना म्हणाले.

“साक्षीदार ठेवण्यात एक सोय होती. ते असले की डबीने कुजबुजलं तरी चालतं, लांबून बोललं तरी चालतं. आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं आम्ही बोलणाऱ्याचाच खर्च मोजला. मोबाईलचे मनोरे मैलभर लांब असायचे, तिथे ते बरोबर होतं. एका खोलीत दोन यंत्रं बोलतात तेव्हा बोलण्याला काहीच लागत नाही, सगळा खर्च ऐकणाऱ्याच्या डोक्यावर पडतो.” तिने आकडे पुन्हा बघितले. “पण तरी एवढा पडायला नको. रविवारी घरी ती दोन फेऱ्यांत मोकळी होते आणि दुकानात प्रत्येक निरोपाला शेवटपर्यंत धावते. ठोक्यांचा आवाज हे कारण नाही. तो कानाचा गोंगाट, रेडिओला त्याचं काही नसतं. ही टांगलेली भांडी थोडा त्रास देत असतील, पण एवढा नाही. आम्ही दिलेली डबी कुठाय?”

“ती काय,” शलाकाने वर बोट केलं.

आढ्याला, नेमकी दुकानाच्या मधोमध, तांब्याची एक मोसंबीएवढी गोलाई टांगलेली होती. अंगभर मठारकाम, खाली चाळणीसारखी बारीक भोकं, वर कमळाच्या पाकळ्या.

अस्माने आल्यापासून त्या गोलाईचं दोनदा कौतुक केलं होतं. “तो दिवा?”

“दिवा नाही हो,” नाना म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. “डबी आहे आत. भट्टीची काजळी, तेजाबाची वाफ, इथे काय टिकतं? मी तिला अंगरखा घातला. भोकं मुद्दाम ठेवली, आवाज आत जायला. झाकण असं बसवलंय की मुंगी शिरणार नाही.”

मुलांनो, इथे जरा थांबा. तांबटाच्या घरात एखादी वस्तू जिवाला लागली, की ते तिला तांब्याचं काहीतरी करतात. देवाला ताम्हण, बाळाला वाटी, तसा कर्णिकेच्या डबीला अंगरखा. दुसऱ्या कुठल्या घरात ही डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली गेली असती आणि काही बिघडलं नसतं. नानांनी प्रेम केलं, आणि तेही अगदी झाकण घट्ट बसवून.

अस्माला सगळं कळलं होतं, पण ते या म्हाताऱ्या कारागिराला कसं सांगायचं हे तिला सुचेना. तेवढ्यात शलाकाने अस्माचा मोबाईल पाटावरून उचलला, कोपऱ्यातल्या हंड्यात ठेवला आणि नानांनीच घडवलेलं झाकण त्याच्या तोंडावर दाबून बसवलं.

“बाबा,” तिने जिन्याकडे तोंड करून हाक मारली, “अस्माताईंना फोन लावा.”

हंडा गप्प होता. वरून हेमंतचा आवाज आला, “लागत नाहीये गं. संपर्काबाहेर म्हणतोय. गेल्या का त्या?”

“इथेच आहेत. आता परत लावा.” तिने झाकण काढलं. हंडा वाजायला लागला.

नाना हंड्याकडे बघत राहिले. मग आढ्याकडे बघितलं.

“तांब्यातून रेडिओच्या लहरी जात नाहीत, नाना,” अस्मा हळू आवाजात म्हणाली. “भोकांतून, फटींतून जो थोडा चुरा बाहेर पडतो, तेवढ्यावर ही भागवतेय. खरं सांगायचं तर मला हिचं आश्चर्य वाटतं. इतक्या फाटक्या निरोपातून ती सगळं बरोबर जुळवत राहिली. एकही शब्द चुकीचा दिला नाही, म्हणून तर कुणाला शंका आली नाही.”

“बिघाड आहे हे तिने कळूच दिलं नाही,” शलाका म्हणाली. “नुसती दुपारी झोपायची.”

नानांनी स्टूल ओढलं, चढले, अंगरखा काढला आणि झाकण फिरवून डबी बाहेर घेतली. खाली उतरले तेव्हा ते हसत होते.

“हे काम बघ, अस्मा,” त्यांनी अंगरखा तिच्या हातात ठेवला. “दोन दिवस खपलो. आयुष्यात झाकण इतकं घट्ट कधी बसलं नव्हतं.”

त्या दिवशी कर्णिका दुपारी बंद पडली नाही. संध्याकाळचा चहा झाला तरी तिच्यात थोडी धुगधुगी होती. हेमंत म्हणाला, झालं, सुटला प्रश्न. पण अस्मा दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. टांगलेल्या भांड्यांवर आपटून येणारे निरोप अजून कर्णिकेला त्रास देतच होते. अस्माने तिच्यासाठी आणखी एक पर्याय करून आणला होता, आणि निवड नानांनी करायची होती. त्या निवडीसाठी तरी हेमंत पायऱ्या उतरून खाली आला.

“आत्ता आहे ते लांबचं ऐकणं,” तिने समजावलं. “साक्षीदार पुष्कळ, फेऱ्या पुष्कळ. हेमंतदादा वरून बोलले तरी ऐकू येईल. संध्याकाळपर्यंत पुरेल, एखाद्या दिवशी अलीकडेच संपेल. दुसरं जवळचं ऐकणं. साक्षीदार थोडे, फेरी जवळजवळ नाहीच. डबी आणि टिकल्या जरा जोरात बोलतील, त्यांच्या बॅटऱ्या मोठ्या आहेत, त्यांना परवडतं. कर्णिका दोन दिवस दमणार नाही. पण बोलणारा चार पावलांच्या आत पाहिजे. आणि एखादा शब्द वाटेत फाटला, तर ती जुळवत बसणार नाही. तिथे गप्प बसेल. तुम्हाला मध्येच भोक ऐकू येईल.”

“मग पहिलंच बरं,” हेमंत म्हणाला. “नाहीतर मला प्रत्येक वेळी जिना उतरून यावं लागेल.”

“जिना माझ्या वडिलांनी उतरण्यासाठीच बांधलाय,” नाना म्हणाले.

“तसं नाही हो नाना. पण भोकं पडलेलं ऐकायचं म्हणजे पुन्हा पूर्वीसारखंच झालं ना?”

नानांनी कर्णिका कानातून काढून तळहातावर घेतली. हरभऱ्याएवढी वस्तू. तिच्याकडे बघत ते बोलू लागले. आपला आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, म्हणून शब्द जरा मोठ्याने आणि सावकाश येत होते.

“पूर्वी भोकं होती, पण ती मी कुणाला दाखवली नाहीत. हिच्यासारखाच जुळवत बसलो. दुपारी आडवा व्हायचो तेव्हा तू म्हणायचास वय झालं. वय नव्हतं रे ते. तुमची अर्धी अर्धी वाक्यं शिवता शिवता मी थकायचो.” मग शलाकाकडे वळले. “आणि जे शिवता आलं नाही, तिथे मान हलवली. त्यात तुझा तांब्या गेला.”

त्या क्षणी हेमंतचं बोलणं नानांना ऐकू आलं नसतं. तो शेजारी येऊन बसला आणि त्याने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला, पूर्वी काही सांगायचं असलं की ठेवायचा तसा.

नानांनी कर्णिका कानात घातली. “जवळचं कर,” ते अस्माला म्हणाले. “ज्याला बोलायचंय तो येईल जवळ. नाही आला तर फार महत्त्वाचं नसेल.”

पुढचे काही दिवस घरात गंमत चालली. हेमंत जिन्यात अर्ध्यावर थांबून बोलायचा आणि नाना खालून म्हणायचे, “आणखी दोन पायऱ्या.” मग तो कुरकुरत खाली यायचा, आला की बसायचा, बसला की चहा व्हायचा. परातींच्या चौकशीतून परातीच्या काठाचा विषय निघायचा. एकदा त्याने नकळत हातोडीही उचलली. नानांनी तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याने खाली ठेवली असती.

बहिणीला त्यांनी भेटायला बोलावलं आणि अगदी शेजारी बसवलं. तिने लग्नाची सगळी तक्रार पहिल्यापासून ऐकवली. मध्ये एकदा शब्द गाळला गेला तर नानांनी तो परत म्हणायला लावला. तिला त्याचा फार आनंद झाला.

आणि शनिवारी दुपारी शलाकाने नवा पत्रा घेतला.

चिरलेला तांब्या तिने टाकला नव्हता. त्यात नानांच्या लहान हातोड्या उभ्या करून ठेवल्या होत्या. नव्या तांब्याला आकार देऊन झाला, भट्टीत तापवून मऊ करून झाला, आता मठारायचा होता. डबी आढ्यावरून उतरून नानांच्या ऐरणीच्या ओंडक्यावर येऊन बसली होती, बिनअंगरख्याची. शलाका नेहमीसारखी दाराजवळ, उजेडात, चार पावलांच्या पलीकडे. तिने ठोके सुरू केले. नाना ऐकत होते. टण, टण, टण. मग एक ठोका आला ना आला असा झाला. आळीतून एक गाडी गेली, शलाकाने मान वर करून काहीतरी विचारलं, आणि तिच्या वाक्याच्या मधोमध भोक पडलं.

नानांची मान हलायला लागली. वीस वर्षांची सवय ती. अर्ध्यावर त्यांनी ती थांबवली.

“कळलं नाही,” ते म्हणाले. “पुन्हा सांग.”

शलाका त्यांच्याकडे बघत राहिली. नानांच्या तोंडून हे शब्द तिने तोवर कधी ऐकले नव्हते. ती ओरडून सांगेल असं नानांना वाटलं, पण ती उठली, हातातला तांब्या खाली ठेवला आणि आपल्या ऐरणीचा ओंडका दोन्ही हातांनी कवटाळून ओढायला लागली. ओंडका जड होता. फरशीवर करकरत, थांबत थांबत, दारापासून भट्टीपर्यंत तिने तो आणला आणि नानांच्या ओंडक्याला भिडवला. मग पाट आणला, बसली, तेव्हा तिचा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लागत होता.

“काय विचारत होतीस?”

“आता विचारत नाही,” शलाका म्हणाली. “वाजवूनच दाखवते.”

तिने तांब्या ऐरणीवर चढवला आणि एक ठोका मारला.

थड.

नानांना तो स्वच्छ ऐकू आला. सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण शलाकाची हातोडी आधीच हवेत थांबली होती. तिने डोकं एका बाजूला कलवलं, तांब्या बोटभर फिरवला, अंगठ्याने दाबून टेकवला आणि पुन्हा वाजवला.